पाइप सुस्थितीत आहे

"प्या," असं म्हणून इंदुताई म्हेत्रेंनी पाण्याची बाटली माझ्या टेबलावर आपटली.

बाटलीत फिक्या चहाच्या रंगाचं पाणी होतं. तळाला बोटभर गाळ. आणि वास असा, की शेजारच्या टेबलावरचा कारकून नाकाला रुमाल लावून उठून गेला.

"ताई, मी तक्रार लिहून घेतो," मी म्हणालो.

"तक्रार तीनदा लिवलीय. तुमच्या आधीच्या सायबांनीबी लिवली. वही भरली आसंल एव्हाना. आता प्या की. आमी रोज पितोय."

बावीस वर्षं झाली याला. कृष्णाकाठच्या एका लहान नगरपरिषदेत मी पाणीपुरवठ्याचा कनिष्ठ अभियंता होतो. वय सव्वीस, नोकरीला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. कुंभोजकर हे आडनाव लोकांना लांब वाटायचं, म्हणून सगळे मला 'पाण्याचे साहेब' म्हणायचे. इंदुताई साळी गल्लीत ब्लाउज शिवायच्या. तोंडाने फटकळ म्हणून गावभर ओळख होती, आणि आमच्या ऑफिसात त्या आल्या की निम्मी माणसं चहाला निघून जायची.

मी पाणी प्यायलो नाही. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"सायेब, भांडायला न्हाई आले. एक इचारायचं हाय. माझी थोरली, पूनम, बार्शीला दिलीय. पाचवा म्हयना लागलाय तिला. पयलं बाळातपण म्हायेरी, ही आमची रीत. पण व्याही म्हणत्यात, तुमच्या गल्लीचं पाणी वंगाळ, हितंच होऊ द्या. पोरगी रडती फोनवर. आता तुमीच सांगा. आणू का पोरीला?"

"कधी आणणार?"

"सातवा लागला की. मार्चच्या शेवटाला."

त्या वर्षी साळी गल्लीत सिमेंटचा रस्ता व्हायचा होता. रस्त्याच्या आधी खालचा पाइप बदलायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी छाती काढून म्हणालो, "मार्चच्या आत पाइप बदलून देतो. मग खुशाल आणा."

"शबूद?"

"शब्द."

त्या उठल्या. बाटली तिथेच ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हुसेनचाचांना घेऊन साळी गल्लीत गेलो. हुसेन शिकलगार आमचे व्हॉल्व्हमन. गावात पाणी सोडायचं आणि बंद करायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं होतं. जमिनीखालून कुठला पाइप कुठून गेलाय याचा नकाशा ऑफिसात नव्हता, तो चाचांच्या डोक्यात होता. त्यांच्याकडे एक लांब लोखंडी सळई असायची. पाणी सुटलं की सळईचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. जिथे गळत असेल तिथे ते चुन्याच्या फक्कीने फुली मारायचे. त्यांची फुली चुकलेली मी कधी पाहिली नाही.

त्या सकाळी साळी गल्लीत सात फुल्या पडल्या.

"सायेब, ह्यो बिडाचा पाइप माज्या लग्नाच्या आदीचा," चाचा म्हणाले. "सात जागी गेलाय. त्यात ह्या घरांचे नळ गटारातनं नेलेत. पाणी चालू हाय तवर भाईर गळतंय, तवर ठीक. बंद झालं की पाइप मोकळा. मग गटाराचं आत वडतंय."

साळी गल्लीला दिवसातून एक तास पाणी होतं. म्हणजे उरलेले तेवीस तास तो पाइप गटार पीत होता आणि सकाळी तेच लोकांच्या घागरीत ओतत होता.

मी आठवडाभर खपून अंदाजपत्रक केलं. तीनशे मीटर नवा पाइप, सगळे नळ गटाराबाहेर, आणि मगच रस्ता. अडचण एवढीच होती की रस्त्याचा निधी सरकारकडून आला होता आणि एकतीस मार्चच्या आत खर्ची पडला नाही तर परत जाणार होता. पाइपाचा खर्च मात्र नगरपरिषदेने स्वतःच्या तिजोरीतून करायचा होता. तिजोरीत तेवढी रक्कम होती. मी स्वतः बघितली होती.

फेब्रुवारीत बजेटची सभा झाली. माझा विषय अकरावा. मी उभा राहिलो, फुल्यांचा नकाशा दाखवला, तेवीस तासांचा हिशोब सांगितला. नगराध्यक्ष दौलतराव निकम, सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं, ते पान लावत ऐकत होते.

"कुंभोजकर, काम चांगलं केलंत," ते म्हणाले. "पण पाइप कुठं घालणार?"

"जमिनीखाली, अप्पा."

"म्हंजे पुरणार. आता मला सांगा, पुरलेल्या गोष्टीचं उद्घाटन कसं करायचं?"

सभागृह खदखदून हसलं. डाव्या बाजूचे हसले, उजव्या बाजूचेही हसले. साळी गल्लीचा नगरसेवक तर मांडीवर थाप मारून हसला. आणि मीही हसलो. ते मला आजही गिळता येत नाही. साहेब हसले की आपणही हसायचं, अशी सवय होती, त्या सवयीने दात निघाले माझे.

विषय 'पुढील वर्षी विचारार्थ' ठेवला गेला. ती रक्कम वेशीवरच्या स्वागत कमानीकडे वळली. गावात पाय ठेवताच 'सुस्वागतम्' वाचा आणि आत येऊन गटार प्या! वरून कीर्तन, आतून तमाशा.

मी तेव्हाच साळी गल्लीत जाऊन सांगायला हवं होतं, की ताई, शब्द गेला, पोरीला आणू नका. गेलो नाही. लाज वाटली. म्हटलं, बघू, काहीतरी मार्ग निघेल. महिनाभर मी ती गल्ली टाळून लांबच्या वाटेने टाकीवर जात होतो.

मग एक दिवस नगर अभियंता लोखंडे साहेबांनी बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद तयार होता.

"रस्त्याच्या निधीला अट आहे," ते म्हणाले. "खालची पाइपलाइन चांगली आहे, असा पाणीपुरवठ्याचा दाखला लागतो. सही कर."

कागदावर तीन ओळी होत्या. शेवटची ओळ अशी होती: 'सदर रस्त्याखालील पाइप सुस्थितीत आहे.'

"साहेब, तो सात ठिकाणी फुटलाय."

"मला माहीत आहे. तुला माहीत आहे. हुसेनला माहीत आहे. कागदाला माहीत नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुझा परिवीक्षेचा काळ जूनमध्ये संपतो ना? शेरा मीच लिहायचाय. मी चार महिन्यांनी निवृत्त होतोय बाबा, मला कशात पाडू नकोस."

माणूस वाईट नव्हता. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. हा मनुष्य फक्त थकलेला होता, आणि मी भित्रा होतो. खिशातलं पेन चालेना, तर त्यांनी आपलं दिलं. मी सही केली.

हुसेनचाचांना मी हे सांगितलं नाही, पण नगरपरिषदेत गोष्टी भिंतींनाही कळतात. रस्त्याचं काम सुरू व्हायच्या दिवशी ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"सायेब, त्या सात फुल्या पुसू का ऱ्हाऊ द्यायच्या?"

फुल्यांवर खडी पडली, खडीवर रोलर फिरला, रोलरमागून सिमेंट आलं.

यापुढे जे झालं ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. रस्त्यासाठी आधी फूटभर माती उकरली होती. उकरलेली माती बघून गल्लीला वाटलं, पाइपच बदलताहेत. कुणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. मग नव्या सिमेंटवर पंधरा दिवस पाणी मारायचं होतं. त्यासाठी अप्पांनी हुकूम काढला, साळी गल्लीचं पाणी सकाळ-संध्याकाळ सोडा, हवं तेवढं सोडा. पाइप दिवसभर भरलेला राहिला. भरलेल्या पाइपात बाहेरचं आत येत नाही. उघड्या डोळ्यांना दिसेल असं स्वच्छ, नितळ पाणी पंधरा दिवस साळी गल्लीला आलं. वीस वर्षांत आलं नव्हतं तसं.

मार्चच्या सत्तावीस तारखेला अप्पा रस्ता बघायला आले. मला बरोबर घेतलं. ओली पोती पसरलेल्या रस्त्याच्या कडेने आम्ही चाललो होतो, तेवढ्यात इंदुताई घरातून धावत आल्या. हातात पाण्याचा तांब्या होता.

"सायेब, बघा की! काचंवानी पाणी येतंय. शबूद पाळलासा." त्यांचा चेहरा असा उजळलेला मी त्याआधी बघितला नव्हता. "बदलला न्हवं पाइप? आणू का पोरीला?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. हसत बघितलं. "आणा की बिनघोर, मावशी," ते म्हणाले. "गावचा रस्ता, गावचं पाणी, सगळं झ्याक केलंय. काय कुंभोजकर?"

एक क्षण होता. 'थांबा' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? पण शेजारी नगराध्यक्ष उभा, जूनमध्ये शेरा, फायलीत माझ्या सहीचा दाखला.

"हो," मी म्हणालो. "आणा."

पूनम दोन दिवसांनी आली. मी तिला एकदाच पाहिलं, दारात बसून ती हरभऱ्याचे घाटे सोलत होती. आईसारखीच नाकेली. मला बघून तिने पदर सावरला आणि आत ओरडली, "आई, पाण्याचे साहेब चाललेत, च्या ठेव की!" मी घाईत असल्याचं सांगून सटकलो.

सिमेंट पक्कं झालं, तसा हुकूम संपला. पाणी पुन्हा एक तासावर आलं. रोलरच्या वजनाने सात गळत्यांच्या दहा झाल्या असतील. इंदुताई आधी पाणी उकळून प्यायच्या, ते मात्र त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं, कारण साहेबाने शब्द दिला होता.

एप्रिलच्या वीस तारखेपर्यंत साळी गल्लीत चौदा माणसं काविळीने पिवळी पडली. चौदावी पूनम.

मी अप्पांच्या घरी गेलो. "रस्ता फोडायला लागेल," मी म्हणालो. "आजच."

"एक मेला आमदारांच्या हस्ते उद्घाटन हाय. पत्रिका वाटल्यात. दोन तारखेला फोडा काय फोडायचं ते. तवर घरोघर क्लोरीनच्या गोळ्या वाटा."

"गोळ्यांनी कावीळ थांबत नाही अप्पा. पाणी तरी बंद करू द्या, टँकर द्या."

"उद्घाटनाच्या तोंडावर टँकर लावू? गाव काय म्हणंल? इरोधक काय म्हणतील?"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी गोळ्या वाटल्या. हो, वाटल्या! पुड्या घेऊन दारोदार फिरलो. इंदुताईंच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, पूनमला मोठ्या दवाखान्यात नेलंय, पोटुशी बाईला कावीळ फार वाईट म्हणतात डॉक्टर. मी त्या दारात उभा राहिलो, हातात गोळ्यांच्या पुड्या, आणि माझ्या अंगात असा संताप उसळला की पुढचं काही दिसेना. पुड्या मी तिथेच गटारात फेकल्या आणि हुसेनचाचांच्या घरी गेलो.

"चाचा, चावी घ्या. साळी गल्लीचं पाणी बंद करा. आणि दोन माणसं आणि ब्रेकर घेऊन या."

"लेखी हुकूम?"

"नाही."

चाचांनी भिंतीला टेकवलेली सळई उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ब्रेकर गावाच्या सगळ्यात देखण्या रस्त्यात घुसला. चाचांना सळई लावावीच लागली नाही, त्यांना फुल्या पाठ होत्या. पहिल्या जागी दोन फूट खाली गेलो आणि काळं पाणी वर आलं. गल्ली जमली. साडेदहाला अप्पांची जीप आली.

"कुणाला इचारून फोडला?"

"कुणालाच नाही."

"नवा रस्ता! आजून फीत कापली न्हाई!" त्यांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. लोखंडे साहेबांनी तत्परतेने पुरवला असावा. "ह्ये काय हाय? 'पाइप सुस्थितीत आहे.' सही कुणाची? मोठ्यानं वाचू का गल्लीला?"

"वाचा!" मी ओरडलो. "वाचा अप्पा! सही माझी आहे. खोटी आहे. आणि पुरलेल्या गोष्टीचं उद्घाटन करायचं होतं ना तुम्हाला? आणा तुमच्या आमदारांना, इथे बांधा फीत, या खड्ड्यापाशी!"

खड्ड्यातून हुसेनचाचांनी पाइपाचा एक तुकडा वर केला. तो हातातच दुभंगला आणि आतून ओंजळभर काळा चिखल अप्पांच्या पांढऱ्या चपलांवर पडला. "सुस्थिती," चाचा म्हणाले. ते एवढंच बोलले.

सगळे माझ्याकडे बघत होते, अप्पांकडे नाही. माझा घसा बसला होता. आयुष्यात मी एवढ्या मोठ्याने कधी ओरडलो नव्हतो. तो आवाज फेब्रुवारीत सभागृहात निघायला हवा होता. त्या दिवशी तिथे मी हसलो होतो.

एक मेला उद्घाटन झालं नाही. दुपारी ॲम्ब्युलन्स आली आणि माझ्या खड्ड्यापाशी थांबली, पुढे जायला वाट नव्हती. बाळ पोटातच गेलं होतं. पूनम सकाळी गेली. गल्लीतल्या माणसांनी खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि तिला हातांवर उचलून पलीकडे नेलं. एका बाजूने फळी हुसेनचाचांनी धरली होती, दुसऱ्या बाजूने मी. इंदुताई माझ्यासमोरून फळीवरून गेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

पुढचं सगळं बैल गेला आणि झोपा केला. जी रक्कम नव्हती ती आठ दिवसांत निघाली. नवा पाइप पडला, नळ गटाराबाहेर आले. चौकशी लागली ती माझी. नोटिशीत विचारलं होतं, पाइप सुस्थितीत असल्याचा दाखला तुम्हीच दिला असताना शासकीय रस्ता का फोडला? मी दोन ओळींचं उत्तर दिलं: दाखला खोटा आहे. सही माझी आहे. दोन वेतनवाढी बंद झाल्या आणि परिवीक्षा वर्षभर लांबली. लोखंडे साहेबांचा निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ मिळालं. अप्पा पुढच्या निवडणुकीत साळी गल्लीतून जास्त मतांनी निवडून आले. भाषणात म्हणाले, नवा पाइप मी टाकला.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये माझी बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी मी इंदुताईंच्या घरी गेलो. काय बोलणार होतो ते मलाही माहीत नव्हतं. त्या मशीनवर बसल्या होत्या. त्यांनी बसा म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. उठल्या, नळ सोडला, पेला भरला आणि माझ्यापुढे धरला.

मी सगळं पाणी प्यायलो. त्या बघत उभ्या होत्या.

"चांगलं हाय?" त्यांनी विचारलं.

"चांगलं आहे."

त्या पुन्हा मशीनवर जाऊन बसल्या. चाकावर हात ठेवला, पण मशीन चालू केलं नाही.

"धाकटीला दिवस गेल्यात," त्या म्हणाल्या. "पंढरपूरला दिलीय तिला. व्याही म्हणत्यात, रीत हाय, तर न्या. गल्लीतली सगळी म्हणत्यात, आता पाणी चांगलं हाय, नवा पाइप हाय. पर मला तुमच्याच तोंडनं ऐकायचं हाय." आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. "आणू का पोरीला?"

पाइप नवा होता. मी स्वतः उभं राहून एक एक सांधा बसवून घेतला होता.

"थांबा," मी म्हणालो. "आज नाही सांगत. बदली पुढे ढकलून घेतो. पंधरा दिवस रोज सकाळी येतो, नमुना घेऊन तपासायला पाठवतो. रिपोर्ट हातात आला की मग सांगतो."

इंदुताईंनी कापडाचा तुकडा सुईखाली सरकवला.

"तवा तुमी 'थांबा' एवढंच म्हणायचं हुतं, सायेब," त्या म्हणाल्या.